लघाट्यांची लाल आमटी

मृदुलाताईंनी दोन फडकी घेऊन पातेल्याचे काठ धरले, ते शेगडीवरून बोटभर उचललं आणि आधी डावीकडे, मग उजवीकडे असं हलकंसं फिरवून परत ठेवलं. आतला लाल रस्सा कडेला चढला आणि खाली बसला. एवढंच. मी स्वयंपाकघराच्या दारात काकडीची वाटी घेऊन उभी होते, आणि परक्या बाईच्या अंगावर आपल्या आईची साडी अचानक दिसावी तसं मला झालं. ही हालचाल मी कळायला लागल्यापासून दर रविवारी पाहत आले आहे. ती आईची आहे असं मी धरून चालले होते. जगात आणखी कुणी ती करत असेल असा विचारच कधी मनात आला नव्हता. ओट्यावरच्या डब्यात तीन डाव उभे होते. डाव का नाही घालत, मी विचारलं. मृदुलाताई हसल्या. पाणी तपासायच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या मला ज्येष्ठ. नवरा बबीन्याच्या लष्करी छावणीत सुभेदार, माहेर गोव्यात पेडण्याचं. त्यांचा दीर आदल्या दिवशी गोव्याच्या गाडीने थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून बांगडे घेऊन आला होता, म्हणून शनिवारी अर्ध्या सुट्टीनंतर मला जेवायला बोलावलं होतं. "अगो, डाव घातलो तर मासो मोडतलो ना," त्या म्हणाल्या. "बांगडो केदो नाजूक."

मासा मोडतो. माझी आई ज्या पातेल्यात डाव घालत नाही त्यात मासा नसतो. त्यात कच्ची केळी असतात. कच्चं केळं शिजल्यावरही डावाने मोडत नाही. भिंतीवर मारलं तरी मोडणार नाही.

मी जेवायला बसले. मासा मी आयुष्यात कधी खाल्ला नव्हता, आणि मृदुलाताईंनी तसं आधीच विचारून माझ्यासाठी बटाट्याची भाजी केली होती. पण मी म्हटलं, रस्सा वाढा. भातावर तो पसरला तेव्हा त्याचा रंग मला माहीत होता: बेडगी मिरचीचा, विटेकडे झुकणारा, कडेला नारळाच्या तेलाची बारीक पिवळी रेघ. पहिला घास घेतला आणि तिरफळाने जिभेचं टोक थरथरायला लागलं. तिरफळाला खरं म्हणजे फारशी चव नसते. त्यातलं एक द्रव्य जिभेच्या नसांना फसवतं, काही हलत नसताना काहीतरी हलतंय असं सांगतं. हे मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला वाचलं होतं आणि घरी येऊन आईला मोठ्या उत्साहाने समजावलं होतं. आई चपात्या लाटत होती. असेल, ती म्हणाली. दुसऱ्या घासाला आमसुलाचा आंबटपणा आला, त्याच्या मागून खोबरं, आणि त्याच्याही मागून एक असं काही आलं जे मला अनोळखी होतं आणि ज्याच्यासाठी बाकीचं सगळं केलेलं होतं हे मला तत्क्षणी कळलं. मिरची त्याच्यासाठी होती. आमसूल त्याच्यासाठी होतं. आमच्या घरात दर रविवारी जे होतं ते हेच होतं, फक्त मधला माणूस उठून गेलेला. मी बांगड्याचा एक तुकडाही मागून घेतला. काटे कसे काढायचे ते मृदुलाताईंनी दाखवलं. मला राग यायला लागला होता, पण कुणाचा ते अजून ठरत नव्हतं.

बबीन्याहून झांशीला येणाऱ्या टेम्पोत नऊ माणसं होती. माझ्या शेजारी गरौठ्याची एक म्हातारी बसली होती, मांडीवर हरभऱ्याच्या सोलाण्यांची पिशवी. तिने दोनदा हवेत नाक फिरवलं आणि मग माझ्या हाताकडे पाहून म्हणाली, "काय बिन्नू, मछरी खाकें आईं का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, बेतवाची का? मी म्हटलं, समुद्राची. तिने समाधानाने मान हलवली, जणू समुद्र गुरसरायच्या अलीकडेच कुठेतरी होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू पिवळा झाला होता आणि वारा इतका कोरडा होता की ओठ चाटले की लगेच वाळत. मी बोटं नाकाशी नेली. आणि मला आईच्या सगळ्या गोष्टी एकेक करून उलट्या दिसायला लागल्या. केळ्यांच्या तिरक्या फोडी, अंगठ्याएवढ्या जाड, कारण मासा तसाच कापतात. त्या फोडींना हळद-मीठ चोळून अर्धा तास झाकून ठेवणं. रस्सा आधी पुरता उकळून घेणं आणि फोडी अगदी शेवटी घालणं, इतक्या शेवटी की केळं कधीकधी मधोमध कच्चं राही आणि बाबा म्हणत, आज जरा टणक झालंय हं. पुढच्या रविवारी आई पुन्हा शेवटीच घाले. अठ्ठावीस वर्षांत तिला केळं शिजायला किती वेळ लागतो ते कळलं नसेल? माझ्या आईला, जी कुकरच्या शिट्टीवरून डाळ कोणत्या दुकानातली ते ओळखते? ती केळं शिजवतच नव्हती. तिच्या हातांना पातेल्यात बांगडा दिसत होता आणि हात त्याप्रमाणे वागत होते.

आणि मी! मला या सगळ्याची कारणं माहीत होती. हळद-मीठ लावल्याने केळं काळं पडत नाही, कापल्यावर त्यातलं विकर हवेशी जी क्रिया करतं ती मंदावते, हे मीच तिला सांगितलं होतं. डाव न घालण्याचं कारण, ढवळलं तर नारळाचं तेल आणि पाणी वेगळं होतं आणि रस्सा फुटतो. हेही मीच. वहीत लिहून ठेवलं होतं, तारखेसकट. निरीक्षण बरोबर, मांडणी नीटनेटकी, निष्कर्ष चूक, आणि चूक अशी की प्रयोगशाळेत कुणी केली असती तर मी त्याला हसले असते. कारण ज्या बाईला उत्तर माहीत होतं ती समोर चपात्या लाटत होती आणि तिला मी काही विचारलंच नव्हतं, फक्त सांगितलं होतं. आईच्या माहेरी मासे खातात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आपला रक्तगट ठाऊक असतो तसं ठाऊक होतं. आजी माझ्या जन्माआधी गेली, मामा मस्कतला, गोव्यातलं कुठ्ठाळीचं घर मी एकदाच पाहिलं, चार वर्षांची असताना, कुलूप लावलेलं. आमच्या लघाट्यांच्या घरात, जे दोनेकशे वर्षांपासून झांशीत आहे आणि ज्याच्या देवघरापासून अजून लसूणही लांबून जातो, तिथे आईच्या त्या ठाऊक असलेल्या गोष्टीला काही जागा नव्हती, म्हणून तिच्याकडे मी कधी बघितलंच नाही.

माझ्या पिशवीत त्या वेळी छापखान्याची प्रुफं होती. झांशीच्या मराठी समाजाची स्मरणिका निघणार होती आणि शुद्धलेखन तपासायला मला दिली होती, कारण माझ्या वयाच्या बाकीच्या मुलांना मराठी कळतं पण लिहिता येत नाही. पान बत्तीसवर अनुसूया आत्याचा लेख होता. आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण, सीपरी बाजारात राहते, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. लेखाचं नाव 'लघाट्यांची लाल आमटी'. तो मी गुरुवारी वाचला होता आणि दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारून मला चक्क अभिमान वाटला होता. आत्या लिहिते की ही आमटी आमच्या पूर्वजांनी कोकणातून येताना सोबत आणली, आणि पुरावा काय, तर नारळ. बुंदेलखंडात नारळ कुठला? आमसूल कुठलं? म्हणजे आमटी कोकणातली आणि म्हणून आम्हीही कोकणातले. आत्याचा तर्क मी टेम्पोत पुन्हा एकदा तपासला. नारळ आईने आणला. आमसूल आणि तिरफळं एका निळ्या डब्यात घालून आई सत्त्याण्णव साली झांशी स्टेशनवर उतरली. दोनशे वर्षं नाही, अठ्ठावीस. आणि कृती तर आत्याने आईलाच फोन करून विचारली होती. मी समोर होते. आईने पोळपाटासमोरून न उठता, फोन खांद्यात धरून, सगळं प्रमाण सांगितलं: नारळ अर्धा, मिरच्या आठ, धणे चमचाभर, तिरफळं सहा, बिया काढून नुसती ठेचून घालायची. आत्याने ते जसंच्या तसं उतरवलं होतं. फोडींना हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवावे. फोडी घातल्यावर डाव घालू नये, अन्यथा तुकडे मोडतात. खाली नाव: सौ. अनुसूया. आणि तळटीप: ही कृती आमच्या घरात सासूकडून सुनेकडे जात आली आहे. सुनेकडून! मला टेम्पोतून उतरून चालत जावंसं वाटलं.

सिविल लाइंसमधल्या आमच्या घरी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. आई अंगणात वाळत टाकलेले कपडे काढत होती. मी सगळी वाक्यं जुळवून आणली होती, पहिल्यांदा काय बोलायचं, मग काय. मी तिच्या हातातले कपडे घ्यायला पुढे झाले, आणि ती थांबली. तिने माझा हात मनगटाशी धरला. नाकाजवळ नेला नाही, नुसता धरला.

"बांगडो?" ती म्हणाली.

आई कोकणी बोलत नाही. झांशीत बोलणार कुणाशी? ती आमच्यासारखं बोलते, हिंदीतले शब्द घालून, बाहेर 'भाभीजी' आणि घरात 'अहो'. तो एक शब्द तिच्या तोंडून इतका सहज निघाला की मी जुळवून आणलेलं सगळं विसरले. मी सांगितलं, मृदुलाताईंकडे, गोव्याहून आले होते, बर्फातले, सात होते, त्यातले चार हुमणाला, म्हणजे त्या रश्शाला, आणि तीन तळायला. मी आकडे सांगत गेले. आई ऐकत होती. मग तिने माझा हात सोडला.

"आणि मला नाही आणलास," ती म्हणाली.

रागाने नाही. एखादी गोष्ट नोंदवावी तशी. मी म्हटलं, मला काय माहीत. मी म्हटलं, तू कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, बाबांना वासही चालत नाही ना. यावर ती हसली. माझी आई क्वचित हसते, आणि हसते तेव्हा तोंड बाजूला करते. ती म्हणाली, बाबांना? आणि मग कपड्यांच्या घड्या घालताघालता तिने मला सांगितलं ते असं. बाबा झुआरीवरच्या रेल्वेच्या पुलाच्या कामावर होते. कुठ्ठाळीला तिच्या आईकडे चार इंजिनियर जेवायला यायचे, त्यातले एक हे. बाकीचे तिघे केरळचे, मासे खाणारेच. हे पहिला आठवडा ताक-भात खाऊन उठले. दुसऱ्या आठवड्यात रस्सा मागितला, नुसता. तिसऱ्या आठवड्यात बांगडा. पावसाळ्यापर्यंत एका बैठकीला चार खायचे, डोकीसकट, आणि आजी म्हणायची, हा जावई करायला हरकत नाही. लग्न झालं, गाडीत बसले, आणि भोपाळ गेल्यावर त्यांनी आईला सांगितलं की घरी यातलं काही बोलू नकोस, अम्मांना, म्हणजे त्यांच्या आईला, सोसणार नाही. मग महिन्याभराने, झांशीत, एकदा हळूच म्हणाले: तो रस्सा कर ना गं एकदा. मासा नको. रस्सा तोच, आत काहीतरी टाक.

"काहीतरी," आई म्हणाली. "दारावर केळीवाला होता."

मी तिथेच पायरीवर बसले. मला इतका वेळ वाटत होतं की कुणीतरी आईला मनाई केली: अम्मांनी, आत्याने, या घराने. मनाईवर चिडता येतं, मनाईला चेहरा असतो. पण इथे कुणी मनाई केलीच नव्हती. इथे एका माणसाला चव हवी होती आणि माशाचं नाव नको होतं, म्हणून त्याने बायकोला सांगितलं की यातला मासा तेवढा काढ, आणि अठ्ठावीस वर्षं दर रविवारी बोटं चाटत जेवला, आणि केळं टणक लागलं तर तक्रारही केली. आणि ती आमटी मला जगातल्या सगळ्या अन्नाहून प्रिय होती. बाहेर शिकायला होते तेव्हा तापात मी ती मागितली होती, फोनवर, रडून. मी काय मागत होते?

मी प्रुफं काढली. पान बत्तीस आईसमोर धरलं आणि म्हटलं, सोमवारी सकाळी हे छापायला जाईल, त्याआधी मी बदलणार आहे. आत्याचं नाव काढते. तुझं नाव घालते, जानकी लघाटे, माहेर कुठ्ठाळी, आणि लिहिते की हे हुमण आहे, बांगड्याचं, आणि झांशीत ते केळ्यांवर कसं आलं तेही लिहिते, सगळं. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून पाहिलं. आईने कागद घेतला, चष्मा लावला, आणि तो अख्खा लेख वाचला, ओठ हलवत, तिरफळांच्या आकड्यापाशी थांबून. तिने तो यापूर्वी वाचला नव्हता. कुणी दाखवलाच नव्हता तिला.

"अनुसूयाताईंनी बरोबर लिहिलंय," ती म्हणाली.

मी म्हटलं, आई.

"ही त्यांचीच आहे. या घरात झाली, या घरासाठी झाली. माझं नाव नको याला." तिने चष्मा काढला. "माझ्या आईचं हुमण म्हणून केळी छापशील तू? माझ्या आईच्या नावाने? ती रागावली असती. मी इथे हुमण एकदासुद्धा केलेलं नाही, पूर्णिमा. एकदासुद्धा."

मी म्हटलं, पण मला ते आवडतं. हे मी का म्हटलं मला माहीत नाही. पंचवीस वर्षांची बाई, पायरीवर बसून. आई म्हणाली, माहीत आहे, आणि आत जाऊन कुकर लावला. म्हणजे तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पण त्या बाबतीत तिला काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की माझ्या आवडीचा तिला कंटाळा आला असावा. दर रविवारी ती वाढताना माझ्याकडे बघत असे. आवडली का, असं विचारत नसे. मला वाटे, तिला उत्तर माहीत आहे म्हणून.

मी खोलीत जाऊन पान बत्तीस टेबलावर पसरलं. आत्याचं नाव ठेवलं. कोकण ठेवलं, पूर्वज ठेवले, तळटीपही ठेवली, दातओठ खाऊन. पण कृतीतली दोन वाक्यं मी लाल शाईने काढली, पट्टी लावून, सरळ रेघेत: हळद-मीठ लावून अर्धा तास ठेवावे, आणि डाव घालू नये. तिसऱ्या वाक्यात 'शेवटी घालाव्यात' होतं, तिथे 'सुरुवातीलाच घालाव्यात, म्हणजे नीट शिजतील' असं केलं. आता ती खरोखर केळ्यांची आमटी झाली होती, शास्त्रशुद्ध, लघाट्यांनी खुशाल घ्यावी. आईचे जे हात त्यात होते ते मी काढून घेतले. याने कुणाचं काय बिघडलं, काही नाही. शंभर प्रती निघणार आणि त्यातल्या ऐंशी समाजाच्या कपाटात राहणार. पण समासात सुधारणेची सही करताना पेन कागदातून खाली गेलं.

रविवारी सकाळी आई साडेआठलाच तयार झाली. जांभळी साडी, केस ओले. तिने मृदुलाताईंचा नंबर माझ्याकडून रात्रीच मागून घेतला होता आणि स्वतः बोलली होती. काय बोलली ते मला कळलं नाही, फक्त दोनदा हसणं ऐकू आलं आणि एकदा बराच वेळ काहीच नाही. मृदुलाताईंकडे तळायचे तीन उरले होते, त्यांनी ते ठेवले होते. मी चप्पल घालायला लागले. आई म्हणाली, तू कुठे? मी म्हटलं, मला घर माहीत आहे, गेटवर पास करावा लागतो, तुला जमणार नाही. ती म्हणाली, विचारीन. मग मऊ आवाजात, तू काल जेवलीस ना. बाबा वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांना तिने सांगितलं की मी बबीन्याला जेवायला चालले आहे, संध्याकाळी येईन, दुपारचं तुमचं तुम्ही बघा. कुणाकडे, कशाला, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि त्यांना सगळं कळलं हे मला कळलं, कारण त्यांचे कान लाल झाले. फाटकाची कडी वाजली. पुलाच्या प्रत्येक खांबाखाली उतरून भेग शोधणारा हा माणूस, वर्तमानपत्राचं पान उलटून पुन्हा तेच पान उलटत राहिला.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मला म्हणाली असती तर मीही गेलो असतो."

मी म्हटलं, जा ना, टेम्पो दर वीस मिनिटांनी सुटतो. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, आता कुठे, बाराला अनुसूयाताई यायची आहे, प्रुफं न्यायला. रविवारी ती जेवूनच जाते. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, आत डोकावले, ओट्यावर काही झाकलेलं आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. आईने काहीच करून ठेवलं नव्हतं, भाताचं पातेलंसुद्धा उपडं होतं. बाबा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरची काळजी होती, आणि ती बहिणीच्या जेवणाची होती, आणि ती माझ्यावर येऊन थांबली होती, इतक्या सवयीने की त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

"घरात केळी आहेत का गं?" त्यांनी विचारलं.

आहेत, मी म्हटलं. टोपलीतून चार कच्ची केळी काढली, ताट काढलं, सुरी काढली, आणि जेवणाच्या टेबलावर त्यांच्या खुर्चीसमोर ठेवली. सोला, मी म्हटलं. ते बसले, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि पहिलं केळं हातात घेतलं. कच्चं केळं सोलण्याआधी हातांना तेल लावून घ्यायचं असतं, नाहीतर चिकाने बोटं काळी पडतात आणि दोन दिवस निघत नाहीत. हे मी त्यांना सांगितलं नाही.